गुरुवारवाली

बाथरूममध्ये प्लास्टिकचा मग फरशीवर पडला आणि गडगडत जाऊन कशाला तरी आपटून थांबला.

तोवर घर अगदी चिडीचूप होतं. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि ही एवढी शांतता आपल्या वाट्याला आलीच कशी, असा प्रश्न तिला आधीच पडायला हवा होता. घरात लहान मूल असलं की आवाजाची नाही, शांततेची धास्ती घ्यावी, हे कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. हातातला फ्रॉक तसाच टाकून ती धावली.

तिची लेक बाथरूमच्या दारात पालथी पडली होती. पाय बाहेर, पोट बाहेर, एक हात तेवढा आत. हात ताणताणून मग ओढायचा खटाटोप चालला होता. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. वय साडेचार, तोंड मात्र चाळिशीचं.

"अगं, आत जाऊन उचल की."

"मावशी म्हणते, पाण्याजवळ एकटीनं जायचं नाही. मी नाही गेले. फक्त हात गेलाय."

"वकील होणार तू," ती म्हणाली आणि तो मग उचलून दिला. "कशाला हवाय?"

"बाहुलीला आंघोळ. मावशीनं मला घातली ना आज, तशी. आधी वहिनीला, मग दाजींना."

वहिनी म्हणजे भिंगरीचा उजवा पाय आणि दाजी म्हणजे डावा. ही नावं तिनं कधी आणि का ठेवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण साबण आधी वहिनीला लागला नाही तर दाजी रुसतात आणि आंघोळ पहिल्यापासून करावी लागते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशीनं आंघोळ घातली? तू चिखलात लोळलीस की काय?"

"थोडीशी. आधी ना, मावशी आत यायचीच नाही. बाहेर उभी राहायची, हात असे मागे बांधून. मी माझे माझे हात धुवायचे. आज आली." भिंगरीनं बाहुलीच्या डोक्यावर रिकामा मग उपडा केला. "तिचे हात असे असे हलत होते."

"थंडी वाजत असेल."

"नाही. मी विचारलं. तर म्हणाली, आज माझी परीक्षा आहे."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण घड्या अर्ध्या राहिल्या होत्या, भाजी आणायला गेलेल्या नवऱ्याची किल्ली बाहेर कुलपात फिरत होती, आणि चुकचुकणाऱ्या प्रत्येक पालीच्या मागे धावायचं तर आईनं दुसरं काही करायलाच नको.

मावशीला ठरवलं होतं भिंगरीच्या बाबानं. आधीची सांभाळणारी मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी हिचं नाव सुचवलं. पूर्वी पाळणाघरात होती, मध्ये बरेच दिवस आजारी होती, आता घरगुती काम शोधतेय. नाव त्यानं सांगितलं होतं, पण ते इतकं सर्रास, की रस्त्यात हाक मारली तर चार खिडक्या उघडाव्यात. पहिला आठवडा तो स्वतः आतल्या खोलीत काम घेऊन बसला, कान बाहेर लावून. "तुझ्यामाझ्यापेक्षा धीराची आहे," असा त्याचा निकाल. मावशी दुपारी येई, तेव्हा भिंगरीची आई कामावर असे. आई परते, तोवर बाबा आलेला आणि मावशी गेलेली असे. गुरुवारी मावशीला लवकर निघायचं असे, म्हणून तो ऑफिसातून आणखी लवकर येई. भेटू, भेटू म्हणता महिना उलटत आला होता. याचं आईला वाईट वाटे, रोज थोडं थोडं, जसं बऱ्याच गोष्टींचं वाटे.

तिचं काम माणसांचं ऐकण्याचं. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तीत समोरासमोर नव्हे तर जराशा तिरक्या दोन खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा खोका, खिडकीला जाड पडदा. लोक येत, बसत, रडत, काही जण तासभर नुसते पडद्याकडे बघत. ज्या वयस्कर बाईंच्या हाताखाली ती शिकली, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खोलीत स्वतःची एक खूण ठेवायची नाही. फोटो नाही, मुलाचं चित्र नाही. येणाऱ्याला भिंत कोरी हवी." तिनं ते तंतोतंत पाळलं. आपल्याला मूल आहे, हे तिथं येणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हतं. आणि तिथं येणाऱ्यांपैकी एकाचंही नाव घरात ठाऊक नव्हतं. घरी ती वारांनी बोले. सोमवारचे काका. बुधवारची जोडी. गुरुवारवाली.

"काय म्हणतायत सोमवारचे काका?" नवरा विचारी.

"बरे आहेत."

"ताकास तूर लागू देशील तर शपथ. मी आपला तुझ्या तोंडावरून वार ओळखतो. गुरुवारी तू खुशीत असतेस."

ते खरं होतं. गुरुवारवालीवर तिचा जीव होता, धंद्यात जेवढा चालतो तेवढा. दीड वर्षापूर्वी तिला तिची बहीण अक्षरशः हाताला धरून घेऊन आली होती. मुलांमध्ये रमणारी ती बाई. एका दुपारी एका पोराचे केस धुताना तिच्या मनात आलं, हे डोकं, हे पाणी, हा माझा हात. एक क्षण. पोराला काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. पण तिनं टॉवेल दुसऱ्या बाईच्या हातात दिला, पाळणाघरातून निघाली ती परत गेलीच नाही. बहिणीच्या तान्ह्या मुलीला तिनं एकदाही हातात घेतलं नव्हतं. पहिले कित्येक गुरुवार ती स्वतःच्या हातांवर बसायची. खरोखर, मांड्यांखाली हात दाबून.

मग भिंगरीच्या आईनं तिला सांगायला सुरुवात केली. मनात असलं काहीबाही सगळ्यांच्याच येतं. बाकीचे ते झटकतात; तुम्ही ते धरून बसता, कारण तुमचा मुलांवर जीव आहे. ज्याला स्वतःची इतकी भीती वाटते, त्याच्या हातून ते घडत नाही. विचाराला हाकलायचं नाही, येऊ द्यायचं, बसू द्यायचं, आणि आपलं काम करत राहायचं. भीतीपासून पळालं की ती मोठी होते. आणि एकेक पायरी करून तिनं तिला मुलांकडे परत न्यायला घेतलं. आधी बागेतल्या बाकावर. मग भाचीच्या पाळण्याशी. मग भाची मांडीवर. शेवटच्या पायरीचं नावसुद्धा बरेच दिवस दोघींनी काढलं नव्हतं. पाणी आणि मूल.

त्या गुरुवारी ती बाई आली ती पंख फुटल्यासारखी. पर्स बाजूला ठेवली, हात मांडीवर उघडे.

"ताई, मी केलं."

"काय केलंत?"

"शेवटची पायरी. तुम्हाला न सांगता काम धरलं होतं मी. म्हटलं, आधी जमू दे, मग सांगू, नाहीतर माझी फजिती. एका घरी दुपारची मुलगी सांभाळते. एवढीशी आहे, पण बोलायला लागली की आपण तिच्या घरी नाही, ती आपल्या घरी कामाला आहे असं वाटतं."

ती हसली. "छान. मग?"

"काल चिखलात लोळून आली. घरात कुणी नाही. डोक्यापासून पायापर्यंत माती. म्हटलं, हाच तो दिवस." बाईनं श्वास घेतला. "टबात बसवलं तिला. केस भिजवले. आणि आला ताई, विचार. तस्साच आला, जुन्या ओळखीचा असल्यासारखा. हे डोकं, हे पाणी. हात थरथरायला लागले. मी म्हटलं, ये बाबा, बस तिकडे कोपऱ्यात. आणि साबण लावत राहिले. आणि ही पोरगी काय म्हणाली माहितीय? तिनं पायांना नावं दिलीयत. उजवा पाय वहिनी आणि डावा दाजी. म्हणते, आधी वहिनीला लाव, नाहीतर दाजी रुसतील. ताई, मी इतकी हसले, इतकी हसले, की हात थरथरायचे कधी थांबले कळलंच नाही."

खोलीत काहीच हललं नाही. पडदा, खोका, खुर्च्या जिथल्या तिथं होत्या. तिचा चेहराही तसाच राहिला. इतक्या वर्षांची सवय, तो काहीही ऐकलं तरी जागच्या जागी राहतो.

"ताई?"

"ऐकतेय."

"तुम्ही काही बोलत नाही."

या क्षणाची ती दीड वर्ष वाट बघत होती. बाईनं जे केलं होतं, ते पुस्तकात लिहावं इतकं नेमकं होतं. तिला हे सगळं माहीत होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे एक ओलं डोकं होतं, मागच्या बाजूला भोवरा असलेलं, जो ती रोज विंचरायची.

"विचार किती वेळ राहिला?" तिनं विचारलं. आवाज तिचा होता, प्रश्न मात्र त्या खोलीतला नव्हता. विचार किती वेळ राहिला हे मोजायचं नाही, असं तिनंच या बाईला बजावलं होतं.

बाईनं जरा चमकून पाहिलं. "तुम्हीच म्हणता ना, घड्याळ लावायचं नाही म्हणून."

"हो. बरोबर. चुकले मी."

"उद्या पुन्हा घालणार आहे आंघोळ. माती असो नसो."

"इतकी घाई नको. जरा सावकाश."

"सावकाश?" बाई हसली. "थांबलं की भीती चढून बसते, हे कुणी शिकवलं मला?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. ती मुलगी माझी आहे, एवढे चार शब्द. मग दोघी मिळून काय ते ठरवता आलं असतं. तिला शिकवणाऱ्या बाईंनी हेच सांगितलं असतं. पण ते शब्द जिभेवर आले की त्यांच्यामागून दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते या खोलीत बाहेर पडू नये म्हणून तिनं दात आवळून धरले. तास संपला. बाई दारात वळली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून, ताई. माझा माझ्यावर कुठे होता?"

घरी आल्या आल्या तिनं भिंगरीला उचलून घेतलं, मान हुंगली, कानांमागे पाहिलं, दंड पाहिले. काही नव्हतं. असणार नव्हतंच. आपण काय शोधतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली, तरी तिनं पाठ पाहिलीच.

नवरा कांदा चिरत होता. ती ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"मावशीला उद्यापासून नको म्हणू या."

"का? काय केलं तिनं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून काढायचं? मग मला आधी काढ, मी तर कधीच काही करत नाही." ती हसली नाही, तेव्हा त्यानं सुरी खाली ठेवली. "काय झालंय?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मूर्ख नव्हता तो. बाहेर भिंगरी कशाला तरी रागावून समजावत होती. "आज गुरुवार," तो हळूच म्हणाला. "गुरुवारी ती लवकर जाते."

ती काहीच बोलली नाही, आणि तेवढं पुरलं.

"एकच सांग," तो म्हणाला. "पोरीला धोका आहे का? हो की नाही, बाकी काही विचारत नाही."

हो म्हणावं तर ते खोटं, आणि त्या बाईचा गळा घोटण्यासारखं. नाही म्हणावं तर ते खरं; तिच्या सगळ्या शिक्षणानं, त्या दीड वर्षानं, शपथेवर खरं.

"नाही."

"मग?"

"तरी नको."

त्यानं सुरी पुन्हा उचलली. "दुसऱ्या कुणाच्या घरी ती काम करते असं तुला कळलं असतं," तो म्हणाला, "तर तू त्या घरातल्या आईला काय सांगितलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. फोन करून सांगता आलं असतं. पण इतकं तरी समोरासमोर व्हावं, असं तिनं ठरवलं. सकाळभर तिनं वाक्यं जुळवली. जिच्या मनावर मी उपचार करते, तिनं माझ्या घरी काम करणं नियमात बसत नाही. यात तुमची काही चूक नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सगळं खरंच होतं. नियम होताच. इतका सोयीचा नियम तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

बेल वाजली तेव्हा भिंगरी आधी धावली. आईनं दार उघडलं. बाहेर ती बाई उभी, हातात कागदी पिशवी, चेहरा हसरा. तो चेहरा आधी गोंधळला, मग उजळला, मग हळूहळू सगळं त्याच्या लक्षात येऊ लागलं.

"ताई? तुम्ही इथे कशा?" मग भिंगरीकडे बघून, "ही... तुमची?"

"माझी."

"अगं बाई," ती म्हणाली आणि खरोखरच हसली. "म्हणजे दाजी आणि वहिनी तुमच्याच घरातले." आणि सवयीनं तिनं वाकून हात पुढे केले. भिंगरी निघालीच होती.

तेव्हा ते झालं. आईचा हात लेकीच्या खांद्यावर पडला आणि त्यानं तिला मागे ओढलं. जोरात नाही, भिंगरी फक्त एक पाऊल मागे आली आणि आईच्या गुडघ्याला टेकली. तो हात कुणी हलवला, तिला ठाऊक नव्हतं. सकाळभर जुळवलेल्या वाक्यांमध्ये तो कुठेच नव्हता.

बाई वाकलेलीच राहिली. ती आईच्या हाताकडे बघत होती. मग सावकाश सरळ झाली, आणि तिचे स्वतःचे हात पाठीमागे गेले.

"हे बघा, नियम असा आहे..." आईनं सुरुवात केली, आणि सगळी वाक्यं ओळीनं म्हटली. बाईनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावत, शहाण्या मुलीसारखी.

"नियम म्हणून ना, ताई?" तिनं विचारलं. "की भीती म्हणून?"

"नियम म्हणून," तिनं म्हटलं. पण मध्ये एक श्वास गेला होता. समोरची बाई दीड वर्ष तिच्या श्वासांना कान देऊन जगत आली होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं." पिशवी तिनं दाराबाहेर भिंतीशी ठेवली. भिंगरीकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. जिन्यावरून उतरताना तिनं कठडा धरला नाही. हात पाठीमागेच होते.

त्या संध्याकाळी भिंगरीला आंघोळ घालताना, केसांना साबण लावता लावता, तिच्या मनात ते आलं. हे डोकं. हे पाणी. हा माझा हात. अशा वेळी कुणाच्याही मनात यावं तसं. हे तिनं त्या खोलीत कितीतरी जणांना सांगितलं होतं. ये, बस, म्हणायचं आणि साबण लावत राहायचं. तिनं नवऱ्याला हाक मारली, डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली, आणि हातातला मग त्याला देऊन बाहेर आली.

ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्या बाईंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "नियम पाळलास ते बरोबर," त्या म्हणाल्या. "खोलीत सांगितलं नाहीस ती चूक, ती निस्तरता येईल. त्या हाताचं काय करायचं, मला सुचत नाही. आधी तिला शोध."

तिनं फोन केले. घंटा जाई, कुणी उचलत नसे. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला ती खोलीत बसून राहिली, तिरक्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. तास सरला तशी उठून, पडदा ओढून घरी आली.

आणि घरी पोहोचते न पोहोचते तोच फोन वाजला. बाईची बहीण होती.

"ताई, तुम्ही काय सांगितलंत तिला?" आवाज रडून रडून बसलेला. "इतकी छान झाली होती हो. आता खोलीचं दार लावून बसते. माझी पोर दारावर थापा मारते, तर आतून ओरडते, तिला घेऊन जा, तिला घेऊन जा. खात नाही. हात सारखे कशात तरी गुंडाळलेले."

"मी येते. आत्ता निघते."

"नको, नका येऊ." क्षणभर बहीण थांबली. "तुमचं नाव काढलं की जास्त होतं. काय म्हणते माहितीय? म्हणते, माझं सगळं त्यांनी ऐकलंय, माझ्यापेक्षा त्याच मला जास्त ओळखतात. त्यांना भीती वाटली, म्हणजे ते माझ्यात असणारच."

"तसं नाही. तिला सांगा, तसं अजिबात नाही. ती तसं काही करणार नाही, ती करूच शकत नाही, मला माहीत आहे..."

"हे तिला तुम्ही दीड वर्ष सांगत होतात ना, ताई?" बहीण म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती विचारणा होती. मागे कुठेतरी एक दार जोरात आपटलं, लहान मूल रडायला लागलं, आणि बहीण "थांबा हं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

तिनं परत लावला. पुन्हा लावला. मग फोन हातात धरून ती तशीच जमिनीवर बसली, दाराला पाठ लावून, पायातले बूट न काढता.

भिंगरी समोर येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. एरवी एका जागी न ठरणारी पोर, आज अगदी निश्चल.

"मावशीचा फोन होता?"

"मावशीच्या बहिणीचा."

"मावशी रडते?"

"हो, बहुतेक."

भिंगरी जवळ आली, आईच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून नीट निरखू लागली. मग मान वर करून, एखादी साधी गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं,

"आई, तू मावशीला घाबरतेस ना. मग मी पण घाबरायचं का?"